देणगीची पावती, परमिटाचा कागद

१९८०च्या सुमारास महाराष्ट्रात घर बांधायला काढलं की पहिली विवंचना सिमेंटची असे. भाव सरकार ठरवी, वाटपही सरकारच करी आणि मागणीच्या मानाने माल फारच तोकडा येई. शेतकऱ्याला विहीर बांधायची असो की नोकरदाराला दोन खोल्या, काही पोत्यांसाठी अर्ज, शिफारस, परमिट अशी पायपीट ठरलेली. थांबायची तयारी नसेल त्याच्यासाठी काळा बाजार होता, तिथे भाव कितीतरी चढा. सरकारी भाव आणि काळ्या बाजारातला भाव यांच्यात जेवढं अंतर, तेवढी परमिटावरच्या सहीची किंमत. भ्रष्टाचाराचं अर्थशास्त्र या एका ओळीत मावतं: वस्तू दुर्मीळ, ती कुणाला द्यायची हे ठरवणारा हात एकच आणि ती त्यालाच का दिली, हे विचारायची सोय नाही.

जून १९८० मध्ये बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री झाले. धडाडीचा, झटपट निर्णय घेणारा नेता अशी त्यांची ख्याती होती. त्याच वर्षी त्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान हा न्यास उभा केला. साहित्यिक आणि कलावंतांना मदत करणं हा त्याचा जाहीर हेतू. न्यासाकडे देणग्यांचा ओघ सुरू झाला. साखर कारखान्यांकडून पैसे आले, बिल्डरांकडून आले. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख छापून आला आणि देणगी देणाऱ्या बिल्डरांना सिमेंट मिळत असल्याचा आरोप देशभर पोहोचला.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जनता पक्षाचे प. बा. सामंत आणि इतरांच्या याचिकेवर न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल दिला. सिमेंटचं वाटप आणि न्यासाला मिळालेल्या देणग्या यांचा परस्परांशी संबंध आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पाठोपाठ अंतुले यांनी राजीनामा दिला आणि बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले.

या खटल्यात रात्री पोहोचवलेली नोटांची बॅग नव्हती. देणग्या उघडपणे एका न्यासाच्या नावे जमा झाल्या होत्या. सिमेंटचं वाटपही सरकारी कागदावर होतं. दोन्ही कागद वेगवेगळे पाहिले तर कशातच वावगं दिसलं नसतं. शेजारी ठेवले तेव्हा त्यांचा अर्थ लागला. सत्ता आणि पैसा यांचे मोठे व्यवहार बहुधा असेच होतात. तलाठ्याच्या किंवा पोलिसाच्या हातात जाणारी नोट सगळ्यांना दिसते, संताप आणते. पण मोठा पैसा कायद्याच्या चौकटीतून, पावती घेऊनच जाऊ शकतो. तो पकडायचा तर देणगीची वही आणि निर्णयाची वही एकत्र वाचावी लागते.

पुढचा प्रवास मात्र निराश करणारा आहे. भाजपचे रामदास नायक यांच्या तक्रारीवरचा फौजदारी खटला न्यायालयांच्या पायऱ्या चढत-उतरत राहिला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उच्च न्यायालयाकडे सोपवला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ती सोपवणूकच चुकीची ठरवली. शिक्षा झाली नाही. १९८९ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कुलाबा मतदारसंघाने अंतुले यांना लोकसभेत पाठवलं आणि पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले.

सिमेंट १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे नियंत्रणमुक्त झालं. त्याबरोबर सिमेंटच्या परमिटाची किंमतही संपली. जमिनीचं तसं झालं नाही. मुंबईसारख्या शहरात किती मजले चढवायचे, कुठलं आरक्षण उठवायचं, चटईक्षेत्र किती वाढवायचं, हे ठरवणारी सही आजही कोट्यवधींची आहे. मुंबईच्या कुलाबा भागातल्या ३१ मजली ‘आदर्श’ सोसायटीने ते दाखवून दिलं. सदनिकाधारकांच्या यादीत नेत्यांचे आणि अधिकाऱ्यांचे नातेवाईक निघाले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पद सोडावं लागलं. त्यांच्यावर खटला चालवण्याची राज्यपालांनी दिलेली परवानगी उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केली.

यात सामान्य माणसाचं काय जातं? १९८६च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. त्याची चौकशीही न्यायमूर्ती लेंटिन यांच्याकडेच आली. औषधखरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत आणि थेट मंत्र्यांपर्यंत पोहोचलेली कीड त्यांच्या अहवालाने उघडी केली. तपासणाऱ्याने डोळेझाक केली की त्याची किंमत खाटेवरचा माणूस जिवाने मोजतो.

राजकारण्याला एवढा पैसा लागतो तरी कशाला? याचं मोठं उत्तर निवडणुकीत आहे. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांपर्यंतच खर्च करता येतो. पक्षाच्या खर्चाला मात्र कसलीच मर्यादा नाही. हा पैसा यायचा कुठून, याचं उत्तर कायद्याने वेळोवेळी बदललं. कंपन्यांनी पक्षांना देणग्या देण्यावर १९६९ मध्ये बंदी आली, ती १९८५ मध्ये उठली. २०१३च्या कंपनी कायद्याने अशा देणग्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा घातली होती. २०१७ मध्ये तीही काढून टाकण्यात आली आणि २०१८च्या जानेवारीत निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा आणि पक्षाला द्यायचा. देणाऱ्याचं नाव मतदाराला कळणार नाही, अशीच त्याची रचना होती.

म्हणजे दोन वह्यांपैकी एक कायद्यानेच कुलूपबंद झाली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. पैसा कुठून येतो हे मतदाराला कळलंच पाहिजे, ही त्यामागची भूमिका. रोख्यांचा तपशील देण्यासाठी स्टेट बँकेने मागितलेली ३० जूनपर्यंतची मुदत नाकारली गेली आणि मार्चमध्ये याद्या जाहीर झाल्या. एप्रिल २०१९पासूनची रक्कम १२ हजार कोटींच्या वर होती. सर्वाधिक, सुमारे सहा हजार कोटी, भाजपला मिळाले होते. त्याखालोखाल तृणमूल काँग्रेस आणि काँग्रेस होती. सर्वांत मोठी खरेदीदार होती लॉटरीच्या धंद्यातली फ्यूचर गेमिंग: १,३६८ कोटी. याच कंपनीवर सक्तवसुली संचालनालयाची कारवाईही चालू होती.

पत्रकारांनी रोखेखरेदीच्या तारखा, सरकारी कंत्राटांच्या तारखा आणि छाप्यांच्या तारखा जुळवून पाहिल्या. तारखा जवळजवळ आल्या म्हणून लाच सिद्ध होत नाही. त्यासाठी तपास लागतो. विशेष पथकाकडून तो करावा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळली आणि तक्रारदारांना नेहमीच्या कायदेशीर मार्गांकडे वळवलं.

निर्णयाची वही उघडण्याचं हत्यार नागरिकाकडे आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्याने महाराष्ट्रात आणि मग १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर माहितीचा अधिकार लागू झाला. त्याची किंमतही लोकांनी मोजली आहे. जमीनव्यवहार उघडकीला आणणारे तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये फिरायला गेले असताना हत्या झाली.

देणगीची वही मात्र अजून अर्धीच उघडी आहे. वीस हजारांपर्यंतची देणगी देणाऱ्याचं नाव पक्षांना आजही जाहीर करावं लागत नाही. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणलं होतं. पक्षांनी तो आदेश पाळलेला नाही. मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारायला हवं: तुमचा पक्ष हा आदेश कधी पाळणार?