हक्क की मेहेरबानी?

वसईचा किल्ला म्हटले की चिमाजी अप्पांचा १७३९ चा विजय आठवतो आणि ऊर भरून येतो. पण याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी एका कागदावर सही झाली, तिची आठवण आपण सहसा काढत नाही. यशवंतराव होळकरांकडून पुण्यापाशी पराभव झाल्यावर दुसरा बाजीराव कोकणात उतरला, वसईस इंग्रजांच्या आश्रयाला आला आणि तह करून मोकळा झाला. कंपनीची सहा हजार फौज कायमची गळ्यात पडली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यावा लागला.

किल्ला पाहायला आलेल्या पाहुण्यांना मी हे सांगतो, तेव्हा हटकून प्रश्न येतो, ‘‘मग पुढे त्या बाजीरावाचे काय झाले?’’

पुढे तो पेन्शनर झाला! १८१८ च्या जूनमध्ये तो माल्कमसाहेबाला शरण गेला. सालीना आठ लाखांचा तनखा ठरला आणि कानपूरजवळच्या बिठूरला मुक्काम पडला. तेहतीस वर्षे तनखा खाऊन १८५१ मध्ये तो वारला. दत्तक पुत्र नानासाहेबांनी तनखा पुढे चालू ठेवण्याची मागणी केली. सारा वाद एका शब्दावर आला. १८१८ च्या अटींत, तनखा बाजीरावाच्या आणि त्याच्या ‘कुटुंबाच्या’ निर्वाहासाठी, असे लिहिले होते. नानासाहेब म्हणत, कुटुंब अजून आहे, मग तनखा का नाही? डलहौसीचे उत्तर असे, की तनखा बाजीरावापुरता होता. मागे राहिलेले २८ लाख कुटुंबाला पुरे आहेत. अर्ज लंडनला गेला, पाठोपाठ वकील म्हणून अझीमुल्ला खान गेले. तिथेही नकारच. नानासाहेब १८५७ मध्ये उठले ते केवळ यापायी, असे मी म्हणणार नाही; पण हा सल होताच.

पेशव्यांचे भांडण लाखांचे होते. आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचे होते पालापाचोळ्याचे. वसई तालुका तेव्हा याच जिल्ह्यात मोडे. भाताचे रोप करायचे तर आधी राब भाजावा लागतो. झाडाच्या डहाळ्या, गवत, शेण, पाचोळा जमिनीवर पसरून उन्हाळ्यात पेटवायचा. मग पावसात त्या राखेवर रोप जोमाने येते. १८७८ चा जंगल कायदा आला आणि डहाळी तोडण्यावर बंधने पडली. बापजाद्यांपासूनची वहिवाट एकाएकी अपराध ठरू लागली. तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी जंगल कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. शेतकरी म्हणे, राब हा आमचा हक्क आहे. जंगल खाते म्हणे, ती सरकारने दिलेली सवलत आहे. सवलत आज आहे, उद्या काढून घेता येते; हक्क असा काढता येत नाही. भांडण एवढेच होते.

मला वाटते, बिठूरचा दत्तक पुत्र आणि ठाणे जिल्ह्यातला भातशेतकरी एकच गोष्ट विचारत होते. आम्हाला मिळते ते हक्काचे, की साहेबाच्या मर्जीचे? अर्जाची सुरुवात नम्र असेल, शेवटी ‘आपला आज्ञाधारक’ असेल. पण मधल्या मजकुरात माणूस आपली वहिवाट, आपला करार, दिलेला शब्द पुढे ठेवत होता. राज्यकर्त्याला त्याच्याच कागदात बांधायला आपली माणसे अशी शिकली.

या प्रश्नाला पेन्शनपुरते तरी नेमके उत्तर मिळाले ते १७ डिसेंबर १९८२ रोजी. नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे. वसईच्या तहाला तेव्हा १८० वर्षे होत आली होती.

आज कर्मचाऱ्यामागे त्याच्या पत्नीला ‘कुटुंब निवृत्तिवेतन’ मिळते. नानासाहेब ज्या शब्दासाठी भांडले, तो आता कायद्याच्या भाषेत जाऊन बसला आहे. तरीही नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत ताटकळणाऱ्या एखाद्या आजी ‘साहेब, एवढी कृपा करा’ म्हणतात. घरातल्या तरुणांनी सोबत जावे आणि वाटेत आजींना सांगावे, की ही कृपा नव्हे, हे तुमचेच आहे.