माजी सैनिकांची गृहकर्ज-पात्रता : अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाची नोकरी ज्या वयात नुकतीच स्थिरावलेली असते, त्या वयात सैन्यातील शिपाई किंवा नायक निवृत्त होतो. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेल्या जवानास निवृत्तिवेतनासाठी १५ वर्षांची सेवा पुरेशी असते. कमिशनप्राप्त अधिकाऱ्यास २० वर्षे लागतात. त्यामुळे अकोट, तेल्हारा, दर्यापूर किंवा अचलपूर तालुक्यातून गेलेला तरुण पस्तिशी ते चाळिशीच्या दरम्यान बडनेरा अथवा अकोला स्थानकावर उतरतो, तेव्हा मुलांच्या शाळेइतकाच निकडीचा दुसरा प्रश्न त्याच्यापुढे असतो आणि तो म्हणजे घराचा. तोपर्यंतचे आयुष्य लष्करी निवासस्थानांत गेलेले असते.

सैनिकास घरासाठी शासन कर्ज देते, असा सर्वसाधारण समज आहे. तो सदिच्छेतून आलेला असला तरी वस्तुस्थितीला धरून नाही. माजी सैनिकाची गृहकर्ज-पात्रता प्रत्यक्षात कशावर ठरते आणि वऱ्हाडात ती नेमकी कोठे अडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अमेरिकेतील हमी आणि भारतातील निधी

सैनिकांच्या गृहकर्जाची संकल्पना ज्या देशात कायद्याने रुजली तो देश अमेरिका होय. २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने शासन स्वतः कर्ज देऊ लागले नाही. खासगी संस्थांनी सैनिकास दिलेल्या कर्जाच्या काही भागाची हमी शासनाने घेतली. आरंभी ही हमी कर्जाच्या निम्म्या रकमेपर्यंत, परंतु २,००० डॉलरच्या आत होती. हमी असल्यामुळे खरेदीदाराने प्रारंभी भरावयाच्या रकमेचा आग्रह संस्थांनी सोडला. आजही तेथील सैनिक पात्रता-प्रमाणपत्र घेऊन कर्जसंस्थेकडे जातो. मात्र त्याचे उत्पन्न व परतफेडीची क्षमता संस्था स्वतंत्रपणे तपासते. अर्थात तेथेही प्रमाणपत्र म्हणजे मंजुरी नव्हे. शिवाय हमी शासनाची असली तरी निर्णय स्थानिक संस्थांचा असल्याने दक्षिणेकडील राज्यांतील कृष्णवर्णीय सैनिकांना या कायद्याचा लाभ फारच अल्प मिळाला, ही नोंदही विसरता येत नाही.

भारतात त्याच महायुद्धाच्या काळात वेगळा मार्ग स्वीकारला गेला. प्रत्येक लढाऊ सैनिकामागे दरमहा २ रुपये आणि बिगरलढाऊ सैनिकामागे १ रुपया याप्रमाणे शासनाने युद्धोत्तर सेवा पुनर्रचना निधीत रक्कम बाजूला ठेवली. हा पैसा सैनिकाच्या हाती व्यक्तिशः पडावयाचा नव्हता. तो सैनिकवर्गाच्या सामूहिक कल्याणासाठी होता. आजच्या व्यवस्थेवर त्या विचाराची छाया दिसते. केंद्रीय सैनिक बोर्ड, पुण्यातील सैनिक कल्याण विभाग आणि अमरावती व अकोला येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये यांच्याकडून मिळते ते मुख्यत्वे साहाय्य, शिष्यवृत्ती व प्रमाणपत्र. गृहकर्जावरील निम्म्या व्याजाची, ठरावीक मर्यादेपर्यंतची, परतफेड केंद्रीय बोर्डाकडून होते. परंतु ती युद्धात अपंगत्व आलेल्यांपुरती आणि युद्धात किंवा सेवेशी निगडित कारणाने मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांपुरती आहे. सुखरूप निवृत्त झालेल्या हवालदाराचा त्यात समावेश नाही. काही बँकांनी संरक्षण दलांसाठी स्वतंत्र नावाची गृहकर्जे काढली आहेत. भारतीय स्टेट बँकेचे ‘शौर्य’ हे त्यांपैकी एक. त्यांत काही सवलती असतात, परंतु ती बँकेची व्यापारी योजना होय. तिच्यामागे शासनाची हमी नाही.

म्हणून ‘माजी सैनिक’ हा दर्जा आणि ‘कर्जास पात्र’ हा दर्जा या दोन भिन्न गोष्टी ठरतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या ओळखपत्राने पहिला सिद्ध होतो. दुसऱ्यासाठी बँक पाहते ती निवृत्तिवेतन प्रदान आदेशाची प्रत. डिस्चार्ज बुक, आधार आणि हा आदेश यांतील नावे जुळत नसल्यास, विशेषतः पत्नीचे माहेरचे नाव एका ठिकाणी व सासरचे दुसऱ्या ठिकाणी असल्यास, प्रकरण रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती येईपर्यंत थांबते.

निवृत्तिवेतन : सुरक्षित, आणि म्हणूनच अडचणीचे

निवृत्तिवेतन हे आयुष्यभराचे व शासनाकडून येणारे उत्पन्न असल्याने बँकेस ते सर्वांत प्रिय असावे, असे वाटते. परंतु १८७१ च्या पेन्शन अधिनियमाच्या कलम ११ नुसार धनकोच्या मागणीवरून निवृत्तिवेतनावर न्यायालयीन जप्ती आणता येत नाही, आणि कलम १२ नुसार भविष्यात मिळावयाचे निवृत्तिवेतन दुसऱ्याच्या नावे करून देण्याचा करारही निरर्थक ठरतो. ज्या कायद्याने वृद्ध सैनिकास सावकारापासून वाचविले, तोच कायदा बँकेस सावध करतो. निवृत्तिवेतन त्याच बँकेच्या खात्यात जमा व्हावे आणि ते खाते हलवू नये, असा आग्रह बँका सहसा धरतात, त्याचे एक कारण येथे आहे. निवृत्तिवेतनावर हात टाकता येत नसल्याने तारण म्हणून घराचेच महत्त्व वाढते.

सेवानिवृत्तीनंतरची दुसरी नोकरी पात्रतेत भर घालते, मात्र वेतनाची बँकेत नोंद असेल तरच. खासगी पहारेकऱ्याचे रोखीने मिळणारे वेतन घरखर्चास उपयोगी पडते. कर्जाच्या हिशेबात ते धरले जात नाही.

अंशराशीकरण : घरापूर्वी झालेला घराचा निर्णय

निवृत्तिवेतनाचा काही भाग सोडून त्याबदली एकरकमी पैसा घेणे यास अंशराशीकरण म्हणतात. गावात याला सरळ ‘पेन्शन विकणे’ असा शब्द आहे. सैनिकास निवृत्तिवेतनाच्या ५० टक्क्यांपर्यंत अंशराशीकरण करता येते आणि सोडलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो. हा अर्ज बहुधा निवृत्तीच्या इतर कागदपत्रांसोबतच, युनिटमध्ये असताना भरला जातो. घर कोठे घ्यावयाचे हे तेव्हा ठरलेले नसते. तरीही घराविषयीचा सर्वांत मोठा आर्थिक निर्णय त्याच क्षणी होऊन जातो.

उदाहरणापुरते मूळ निवृत्तिवेतन दरमहा २०,००० रुपये धरू आणि महागाई सवलत बाजूला ठेवू. बँक उत्पन्नाच्या निम्मा हप्ता मान्य करते, व्याजदर ८.५ टक्के व मुदत २० वर्षे आहे, असेही मानू. या दराने एक लाखाचा हप्ता सुमारे ८६८ रुपये येतो. संपूर्ण निवृत्तिवेतन शिल्लक असल्यास १०,००० रुपयांच्या हप्त्यावर सुमारे साडेअकरा लाखांचे कर्ज बसते. निम्मे विकले असल्यास हप्ता ५,००० रुपयांचा आणि कर्ज पावणेसहा लाखांच्या आसपास. पात्रता निम्म्यावर आली. (व्यवहारात महागाई सवलत मूळ संपूर्ण निवृत्तिवेतनावर मिळत असल्याने घट इतकी तीव्र नसते, दिशा मात्र हीच.)

आता दुसरी बाजू. चाळिशीच्या आतील व्यक्तीसाठी अंशराशीकरणाचा गुणक नऊपेक्षा थोडा अधिक असतो. दरमहा १०,००० रुपये, म्हणजे वर्षाचे १,२०,००० रुपये सोडल्याबद्दल हाती १०,८०,००० ते ११,००,००० रुपये येतात. १५ वर्षांत सोडलेली रक्कम १८ लाख होते. हा व्यवहार कर्ज म्हणून मांडल्यास त्याचा व्याजदर सव्वासात ते साडेसात टक्क्यांच्या आसपास निघतो. ही रक्कम करमुक्त असते. तारण लागत नाही, जामीनदार लागत नाही. सैनिकाचे मधेच निधन झाल्यास उर्वरित वसुली थांबते आणि कुटुंब निवृत्तिवेतनास धक्का लागत नाही. म्हणजे विम्यासह मिळालेले, कागदपत्रांविना मंजूर झालेले असे हे कर्ज होय. अमेरिकेत शासनाने सैनिकाच्या कर्जास हमी दिली, भारतात शासन अंशराशीकरणाच्या रूपाने त्यास स्वतःच उसने देते. केवळ त्यास गृहकर्ज म्हणत नाही.

ही रक्कम घरात गेली तर पावणेसहा लाखांचे बँककर्ज धरून सुमारे साडेसोळा लाखांची सोय होते, म्हणजे निवृत्तिवेतन न विकता मिळणाऱ्या साडेअकरा लाखांपेक्षा कितीतरी अधिक. ती घरात न जाता बहिणीच्या लग्नात, शेतातील बोअरवेलमध्ये किंवा भावाच्या थकलेल्या कर्जात गेली, तर मात्र पैसाही नाही आणि पात्रताही अर्धी, अशी अवस्था होते. ही कारणे क्षुल्लक नाहीत. कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या घरात नियमित उत्पन्न असणारा तो बहुधा एकटाच असतो. म्हणूनच अर्ज भरण्यापूर्वी पत्नीशी, वडिलांशी बोलून त्या रकमेचा उपयोग ठरविणे हे पुढील सर्व कागदपत्रांपेक्षा महत्त्वाचे होय.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या फार तर ९० टक्के रक्कम देऊ शकते आणि १० लाखांपर्यंतची घरे वगळता मुद्रांक व नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही. हा उर्वरित पैसाही बहुतेक सैनिकांजवळ अंशराशीकरण, उपदान व भविष्य निर्वाह निधी यांतूनच येतो.

वऱ्हाडातील जागेचा कागद

उत्पन्न जुळले तरी अनेक प्रकरणे जागेपाशी थांबतात. गावठाणातील वडिलोपार्जित घर बांधावयाचे असल्यास हाती असतो ग्रामपंचायतीचा नमुना आठ. तो कर-आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्याने हा अडसर काही गावांत दूर होत आहे. घर चार भावांच्या नावे असेल, तर पत्रिका मिळूनही प्रश्न उरतोच.

शेतात घर बांधण्याचा पर्याय निवृत्त सैनिकास साहजिकच आकर्षक वाटतो. परंतु न्यायालयाविना तारण ताब्यात घेण्याचा जो अधिकार २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना दिला, त्यातून शेतजमीन वगळली आहे. बँक अकृषिक आदेश मागते तो केवळ कारकुनी हट्ट म्हणून नव्हे. अमरावती व अकोला शहरांच्या कडेला शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले अनेक भूखंड आहेत. त्यांची खरेदीखते झालेली असली तरी रेखांकन मंजूर नसते. गुंठेवारी अधिनियम, २००१ खाली नियमितीकरण झालेले नसल्यास असा भूखंड स्वस्त असूनही बँकेच्या दृष्टीने निरुपयोगी. इसार देण्यापूर्वी हे पाहावयास हवे. प्रत्यक्षात ते इसारानंतर कळते.

शहरातील जुन्या वस्त्यांत नझूल जमिनीचा विदर्भाचा खास प्रश्न आहे. जमीन शासनाची, पट्टा व्यक्तीचा. पट्ट्याचे नूतनीकरण व गहाणासाठी शासनाची संमती नसेल तर प्रकरण पुढे सरकत नाही. ज्या सैनिकांना पूर्वी शासनाने जमीन दिली, ती भोगवटादार वर्ग २ म्हणून असते आणि तिच्या हस्तांतरणावरही बंधने असतात.

एक अडसर जागेचा नसून नात्याचा आहे. सैनिक सीमेवर असताना सामाईक सातबारावर पीककर्ज घेतले जाते, त्यात तो सहकर्जदार किंवा जामीनदार असतो, कर्ज थकते, पुढे तडजोडीने मिटते. शेतकरी कुटुंबाच्या लेखी विषय संपलेला असतो. पतमाहिती अहवालात मात्र ती थकबाकी व तडजोड दिसत राहते. घराचा शोध सुरू करण्याआधी हा अहवाल काढून पाहणे इष्ट.

पत्नी आणि अग्निवीर

पत्नीस सहमालक व सहकर्जदार करणे दोन कारणांनी हिताचे आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे; संयुक्त नावास ती लागू नाही, हा भाग वेगळा. दुसरे कारण अधिक गंभीर. निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के असते, तर साधारण कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के. वरील उदाहरणात २०,००० रुपयांचे पुढे १२,००० रुपये होतात. हप्ता तेवढाच राहतो. कर्जाचा विमा न घेता पूर्ण पात्रतेइतके कर्ज उचलणे म्हणजे ही तफावत पत्नीच्या माथी ठेवणे होय.

२०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने या सर्व गणितास नवे वळण दिले आहे. जाहीर अटींनुसार चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीरास सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी मिळतो. निवृत्तिवेतन, उपदान आणि माजी सैनिकाचा दर्जा मात्र मिळत नाही. २०२२ च्या अखेरीस प्रशिक्षणास गेलेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होत आहेत. त्यांच्यापैकी जे तेविशी-चोविशीत वऱ्हाडात परततील, त्यांच्याजवळ घराची प्रारंभिक रक्कम असेल. हप्ता मान्य करण्यासाठी बँक ज्या निवृत्तिवेतन प्रदान आदेशाची प्रत मागते, तो आदेश नसेल.