पाणी मोरीतून येतं

पुण्याजवळच्या दापोडीत पूर आला की नदी दारात पोचण्याआधी घरातली मोरी उलटते. बाहेरची गल्ली अजून कोरडी असते आणि न्हाणीच्या कोपऱ्यातून काळं पाणी बुडबुडत वर येतं. काठावरच्या वस्तीत कुणालाही विचारा, पुराची पहिली खबर हीच सांगतील. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२४ या दोन्ही पुरांत सांगवी-दापोडीच्या काठावरच्या घरांत पाणी शिरलं होतं.

याचं कारण नद्यांच्या मांडणीत आहे. पवना इथे मुळेला मिळते, आणि मुळा हॅरिस पुलाखालून खाली जाते. पवनेवरचं धरण जलसंपदा विभागाचं, तर मुळेवरचं मुळशी धरण टाटांचं, विजेसाठी बांधलेलं. पुढे संगमवाडीला मुठा येऊन मिळते, तिच्यावर खडकवासला. तिन्हीकडून एकाच रात्री विसर्ग वाढला की मुठा मुळेला थोपवते, मुळा पवनेला आणि पवना वस्तीच्या नाल्याला. नाल्याचं तोंड बुडालं की सांडपाणी मागे फिरतं, चेंबर भरतं आणि मोरीतून घरात येतं. म्हणून काठाला नुसती भिंत बांधून भागत नाही. पाणी भिंतीखालच्या पाइपातूनच आत येतं.

पुराशी झुंज खरी सुरू होते ती मे महिन्यात, नालेसफाईपासून. मोठ्या नाल्यात जेसीबी उतरतो. वस्तीतल्या गटारात तो शिरतच नाही. तिथे फावडं, घमेलं आणि बांबूच्या लांब खपच्या. मी पाहिलं तेव्हा एका चेंबरमधून निघालेला ऐवज असा होता: पिशव्या, थर्माकोल, गादीचा कापूस, फुटक्या फरश्या. गाळ निथळायला काठावर टाकतात. खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. तो वळवाच्या आधी उचलला नाही, तर पहिल्या सरीत परत नाल्यात जातो. कागदावर सफाई झालेली असते, नाला मात्र होता तसाच.

नाल्याच्या तोंडाला झडप बसवता येते. आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. नदी चढली की तिच्याच दाबानं झडप मिटते. काम साधं, पण फटीत एक विटेचा तुकडा अडकला तरी ती उघडी राहते. म्हणून पावसाळाभर तिच्याकडे रोज बघणारा माणूस लागतो. आणि झडप मिटल्यावर वस्तीत पडलेल्या पावसाच्या पाण्याचं काय? ते उपसायला पंप हवा, तोही उंचावर ठेवलेला, डिझेल भरलेला. पुरात वीज तोडतात, तेव्हा विजेचा पंप शोभेचाच ठरतो.

मग येतो इशारा. ‘धरणातून इतके क्युसेक विसर्ग’ असा संदेश मोबाइलवर फिरतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर; पण त्यावरून आपल्या गल्लीत पाणी कधी आणि किती येणार, हे कसं कळणार? लोकांची मोजमापं वेगळी. चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिरात पाणी शिरलं का, हे ते आधी विचारतात, कारण ते पवनेवर आपल्या वरच्या अंगाला आहे. नंतर पुलाच्या खांबांकडे बघतात.

भोंगा लावलेली गाडी फिरू लागली की आवराआवर सुरू होते. रेशनकार्ड, आधार, मुलांचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत. पीठ-तांदूळ पोटमाळ्यावर. फ्रिज विटांवर, सिलिंडर खांबाला बांधून. बायका-पोरं महापालिकेच्या शाळेत जातात; पुरुषांपैकी कुणीतरी मागे राहतो. “मावशी, चला ना,” कार्यकर्ता विनवतो. “सामान कोण बघणार?” मावशी विचारतात. रात्रभर गल्लीच्या तोंडाशी पहारा ठेवला, तर हा प्रश्न निम्मा सुटेल.

पाणी ओसरल्यावर पंचनामा. आपत्ती मदतीच्या मूळ निकषात घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असण्याची अट आहे. राज्य सरकारनं काही पुरांत ती शिथिल केली. मोरीचं पाणी मात्र एका रात्रीत उतरतं आणि मागे चिखल, भिजलेल्या गाद्या, बंद फ्रिज ठेवून जातं. भाडेकरूची अडचण आणखी वेगळी: नुकसान त्याचं, घराचे कागद मालकाच्या नावाचे.

आता कायमच्या उपायाकडे. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आहे, म्हणून तिथल्या कुटुंबांचं पुनर्वसन दुसरीकडेच करावं लागणार. ते दापोडीच्या आसपास व्हायला हवं. सांगवी, पिंपळे गुरवला धुण्याभांड्याला चालत जाणाऱ्या बाईला दोन बस बदलायला लावणारं घर दिलं, तर ती ते भाड्यानं देऊन पुन्हा काठावर येईल.

तोवर थांबायचं कारण नाही. नाल्याच्या प्रत्येक तोंडाला झडप, डिझेलचा पंप, गाळ उचलल्याची वस्तीतल्या बायकांच्या सहीनं खात्री आणि गल्लीतल्या विजेच्या खांबांवर मागच्या पुरांच्या पातळीचे रंगीत पट्टे, एवढं एका क्षेत्रीय कार्यालयाच्या आवाक्यातलं आहे. ते जूनच्या आत झालं पाहिजे. जुलैत पोचणाऱ्या बोटी ही मदत असते, पूरनियंत्रण नव्हे.