रॉक्सी म्युझिक : सर्वांत सरस अल्बम कोणता?

ब्रायन फेरीच्या या ब्रिटिश आर्ट-रॉक बँडचे स्टुडिओ अल्बम अवघे आठ (१९७२ ते १९८२). तरीही चाहत्यांचं एकमत होत नाही. प्रमुख दावेदार असे :

● फॉर युअर प्लेझर (१९७३) : ब्रायन ईनोचा बँडमधला शेवटचा अल्बम. ‘द बोगस मॅन’ एकाच ठेक्यावर नऊ मिनिटांहून अधिक काळ चालतं. प्रयोगाच्या भोक्त्यांची पहिली पसंती.

● स्ट्रँडेड (१९७३) : ईनोच्या जागी एडी जॉब्सन आला, सोबत व्हायोलिन. आधीच्या अल्बममधली सगळी गाणी एकट्या फेरीची. इथे बँडमधल्याच अँडी मॅके आणि फिल मँझनेरा यांचाही हात लागला.

● सायरन (१९७५) : ‘लव्ह इज द ड्रग’ची सुरुवात पावलांच्या आवाजाने आणि गाडी सुरू होण्याने. नाचायला लावणारी रॉक्सी.

● ॲव्हलॉन (१९८२) : शेवटचा आणि सर्वांत घोटीव. शीर्षकगीतात हैतीच्या यानिक एतियेनचा आलाप. टीकाकारांच्या मते जरा जास्तच गुळगुळीत.

वादात तेल : ब्रिटनमध्ये अव्वल ठरलेले तीन स्टुडिओ अल्बम म्हणजे ‘स्ट्रँडेड’, ‘फ्लेश अँड ब्लड’ (१९८०) आणि ‘ॲव्हलॉन’. तिन्ही ईनो गेल्यानंतरचे!