गोठ्यात माश्या झाल्या? उकिरड्यावर फवारा मारण्याआधी हे वाचा

अनसिंग (ता. वाशिम) : पाऊस लागला की गोठ्यात माश्यांचा सुळसुळाट होतो. जनावरं शेपूट हलवून, पाय आपटून हैराण होतात, दूध घटते. चावणाऱ्या माश्यांमुळे लम्पीसारखा रोगही पसरतो. 2022 मध्ये राज्यातील पशुपालकांनी तो भोगला. मग पिकावरचे उरलेले औषध उकिरड्यावर फवारले जाते. चार दिवस बरे वाटते, नंतर माश्या पुन्हा हजर!

असे का होते?

माशी ओल्या शेणात एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. अंडी, अळी, कोष, माशी हा फेरा उष्ण दिवसांत 8 ते 10 दिवसांत पूर्ण होतो. पण त्याच शेणात तिचे शत्रूही असतात. 2-3 मिलिमीटरची एक बारीक गांधीलमाशी माशीच्या कोषात अंडे घालते आणि तिची अळी कोष आतून खाते. ती माणसाला, जनावराला डसत नाही. शेणकिडे शेण फोडून मातीत नेतात. ऑस्ट्रेलियाने 1965 ते 1985 दरम्यान खास प्रकल्प राबवून बाहेरून शेणकिडे आणले.

फवाऱ्याने हे मित्रकीटकही मरतात. त्या गांधीलमाशीला वाढायला साधारण 3 आठवडे लागतात, म्हणून आधी माश्याच परततात.

काय करावे?

- शेण रोज उचला, गोठ्यात मूत साचू देऊ नका.
- उकिरड्यात पाणी शिरू देऊ नका.
- कोंबड्या मोकळ्या सोडा, त्या अळ्या वेचतात.
- शेणावर फवारा टाळा.
- जंताचे, गोचिडाचे औषध पशुवैद्यकाला विचारूनच द्या. आयव्हरमेक्टिन शेणातून बाहेर पडून शेणकिड्यांना मारते.