निःशब्द व्याख्यान

दोन, तीन, पाच, सात अशा संख्यांना एक आणि ती संख्या स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही. अशा संख्येस मूळ संख्या म्हणतात. लहान संख्या मूळ आहे की नाही, हे ठरविणे सोपे असते. परंतु संख्या मोठी झाली, की थोर गणितज्ञांचीही कसोटी लागते.

दोनाच्या दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या व सातव्या घातांतून एक वजा केल्यास अनुक्रमे ३, ७, ३१ व १२७ या संख्या मिळतात. या सर्व मूळ संख्या होत. मात्र एवढ्यावरून नियम बांधणारा फसतो. कारण अकराव्या घातातून एक वजा केल्यावर येणारी २०४७ ही संख्या २३ व ८९ यांचा गुणाकार आहे. मग कोणते घात घेतले असता मूळ संख्या मिळते? मारिन मेर्सेन या फ्रेंच ख्रिस्ती संन्याशाने इ. स. १६४४ मध्ये अशा घातांची एक यादी प्रसिद्ध केली. तीत ६७ हा घात होता. दोनाच्या सदुसष्टाव्या घातातून एक वजा केला, की पुढील एकवीस अंकी संख्या येते :

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

ही संख्या मूळ आहे, असे मेर्सेनचे म्हणणे होते. इ. स. १८७६ मध्ये एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने ती मूळ नसल्याचे दाखवून दिले. परंतु नवल असे, की तिचे अवयव कोणते, हे त्याच्या रीतीने कळत नव्हते. पेटी हलविल्यावर आत काही आहे एवढे समजावे, पण पेटी उघडता येऊ नये, तशी ही स्थिती होती.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकेतील गणितज्ञांची सभा भरली होती. तीत फ्रँक नेल्सन कोल हे प्राध्यापक व्याख्यानास उभे राहिले. ते एक शब्दही बोलले नाहीत, असे सांगतात. त्यांनी फळ्यावर दोनाचा सदुसष्टावा घात काढून त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागावर त्यांनी १९,३७,०७,७२१ व ७,६१,८३,८२,५७,२८७ या दोन संख्यांचा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरे एकच आली! कोल मुकाट्याने जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

हे अवयव शोधण्यास किती काळ लागला, असे पुढे कोणी विचारले, तेव्हा ‘तीन वर्षांचे रविवार’ असे उत्तर त्यांनी दिले, अशी आख्यायिका आहे. आज संगणक हेच काम क्षणार्धात करतो. तथापि, शेकडो अंकांच्या काही संख्यांचे अवयव शोधणे संगणकासही दुष्कर आहे आणि या अवघडपणाच्या आधारेच गुप्त संदेश सुरक्षित राखण्याच्या काही पद्धती बसविल्या आहेत.

अवयव शोधणे कठीण. पण ते हाती आल्यावर पडताळा पाहण्यास गुणाकार येणे पुरेसे आहे. गणितात एखादी गोष्ट कोणी सांगितली, यापेक्षा ती पडताळून खरी ठरते की नाही, यास महत्त्व असते. ज्याला शंका असेल, त्याने कागद घेऊन कोल यांचा तो गुणाकार स्वतः करून पाहावा.