मानसिक विकार, मानसशास्त्रीय दृष्टिकोन आणि संशोधन पद्धती : बोरिवलीतील एका कार्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
पदवी स्तरावर मानसशास्त्रीय दृष्टिकोन, मानसिक विकार आणि संशोधन पद्धती हे घटक बहुधा तीन स्वतंत्र प्रकरणे म्हणून शिकविले जातात. परिणामी विद्यार्थी छिन्नमनस्कतेची, म्हणजेच स्किझोफ्रेनियाची लक्षणे उत्तरपत्रिकेत अचूक लिहितो; परंतु स्थानकाबाहेर स्वतःशीच पुटपुटणाऱ्या, जटा वाढलेल्या माणसात त्याला ती दिसत नाहीत. या तिन्ही घटकांचा परस्परसंबंध मुंबई उपनगरातील एका कार्याच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कार्याचे स्वरूप :
मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये बोरिवली परिसरात श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे कार्य सुरू केले. रस्त्यावर भटकणाऱ्या निराधार मनोरुग्णांना आश्रय द्यावयाचा, अन्न-वस्त्र व औषधोपचार पुरवावयाचे आणि लक्षणे ओसरल्यावर त्यांना कुटुंबाकडे पोहोचवावयाचे, असा या कार्याचा क्रम आहे. २००६ मध्ये कर्जत येथे संस्थेचे मोठे केंद्र सुरू झाले. २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार प्राप्त झाला.

निदानाचा प्रश्न :
प्रत्यक्षात नसलेले आवाज ऐकू येणे, निराधार समजुती दृढ धरून बसणे, विचार व बोलणे विस्कळीत होणे ही छिन्नमनस्कतेची प्रमुख लक्षणे होत. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएम-५ या वर्गीकरणानुसार विकाराची चिन्हे किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात लक्षणांसाठी एक महिन्याचा निकष आहे. मात्र ज्या रुग्णाला स्वतःचे नावही सांगता येत नाही आणि ज्याच्यासोबत नातेवाईक नाही, त्याचा पूर्वेतिहास कोण सांगणार? अशा वेळी निदान तात्पुरते मानून निरीक्षणाच्या आधारे ते तपासत राहावे लागते. निदान हेही एक गृहीतकच असते, हे येथे विद्यार्थ्याच्या लक्षात आणून देता येते.

दृष्टिकोनांची पूरकता :
जैविक दृष्टिकोन मेंदूतील डोपामिनसारख्या रसायनांच्या कार्यातील बिघाडावर भर देतो. १९५० च्या दशकापासून उपलब्ध झालेल्या मनोविकृतिरोधी औषधांचा पाया या उपचारांत अपरिहार्य आहे. तीव्र अवस्थेतील रुग्णाशी मनोविश्लेषणात्मक संवाद साधणे सहसा शक्य नसते. परंतु औषधाने आवाज थांबले, तरी स्नान, स्वयंपाक, व्यवहार ही कौशल्ये आपोआप परततीलच असे नाही. तेथे वर्तनवादी पद्धती उपयोगी पडतात. रुग्णाला त्याच्या नावाने हाक मारणे, त्याच्या भाषेत बोलणे यामागे मानवतावादी दृष्टी आहे. घरी परतल्यावर औषधे चालू राहतील की नाही, हे मात्र कुटुंबाची समज, आर्थिक स्थिती आणि गावाचा दृष्टिकोन यांवर अवलंबून असते. हा सामाजिक-सांस्कृतिक दृष्टिकोनाचा प्रांत होय. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकात नऊ देशांत सुरू केलेल्या छिन्नमनस्कतेच्या पथदर्शी अभ्यासात आग्रा हे एक केंद्र होते. विकसनशील देशांतील रुग्णांची प्रगती तुलनेने चांगली असल्याचे त्यात आढळले. या निष्कर्षावर पुढे आक्षेपही घेतले गेले; तरी कुटुंबाच्या भूमिकेचा प्रश्न त्यामुळे अभ्यासकांसमोर ठळकपणे आला.

संशोधन पद्धतींच्या मर्यादा :
व्यक्ती अभ्यास पद्धतीतून एखादा रुग्ण कसा सावरला, याचे समृद्ध चित्र मिळते. परंतु असे एक उदाहरण 'हे शक्य आहे' एवढेच सिद्ध करते. किती जणांच्या बाबतीत शक्य आहे आणि नेमके कशामुळे, हे त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी तुलनेचा गट आणि दीर्घकालीन पाठपुरावा आवश्यक असतो. मात्र रस्त्यावरील रुग्णाला केवळ तुलनेसाठी उपचारांपासून वंचित ठेवणे नीतीस धरून नाही. म्हणून दोन पुनर्वसन पद्धतींची परस्परांशी तुलना करणे हा अधिक ग्राह्य मार्ग ठरतो.

सर्वेक्षणाची मर्यादा याहून वेगळी आहे. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये चालू मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे १०.६ टक्के आढळले. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. शिवाय कुटुंब हा ज्या सर्वेक्षणाच्या नमुन्याचा आधार असतो, त्याच्या टक्केवारीत घर सुटलेला माणूस मोजला जात नाही. नमुना निवड हा केवळ तांत्रिक भाग नसून कोणाचे दुःख मोजले जाणार, हे त्यावरून ठरते.

नैतिक व कायदेशीर बाजू :
मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९९ नुसार मनोरुग्णांवरील संशोधनासाठी मुक्त व माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे. त्यामुळे प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांना रस्त्यावरील रुग्णांच्या मुलाखती वा छायाचित्रे घेण्यास पाठविणे अनुचित होय. कलम १०० नुसार भटकणारी व स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ अशी मनोरुग्ण व्यक्ती आढळल्यास तिला संरक्षणाखाली घेणे हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. ही माहिती विद्यार्थ्याजवळ असणे त्याच्या प्रकल्पवहीइतकेच महत्त्वाचे आहे.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, कोणताही एक दृष्टिकोन रुग्णाला घरापर्यंत पोहोचवीत नाही आणि कोणतीही एक पद्धत त्याची संपूर्ण हकिगत सांगत नाही. अध्यापकांनी एकच प्रसिद्ध उदाहरण घेऊन निदान कशावरून केले, उपचारामागे कोणता दृष्टिकोन आहे, आणि यावरून काय सिद्ध होते व काय होत नाही, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे एकत्र मांडावेत. असे केल्यास तिन्ही प्रकरणांतील भिंती दूर होतील आणि आजवर मोजणीत न आलेला रुग्ण निदान वर्गातील चर्चेत तरी येईल.